उलटा उकार

"इंजिन बंद करा. चावी तिथंच राहू द्या आणि खाली उतरा. दार आपटू नका."

ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली. "काय झालं बाई? वजन जास्त भरलं का?"

"वजन बरोबर आहे. उतरा म्हणते ना!"

त्या आवाजाला यार्डात कुणी उलट विचारत नसे. भंगाराच्या त्या यार्डात, फाटकाशेजारच्या काचेच्या खोलीत, ती एकोणतीस वर्षं बसत आली होती. खोलीपुढं जमिनीत बसवलेला ट्रकचा वजनकाटा. गाडी चढली की आकडा बघायचा, चिठ्ठी फाडायची, गाडी सोडायची. तिला सगळे काटेवाली म्हणत. ते वजनाच्या काट्यामुळं की जिभेवरच्या काट्यामुळं, हे ज्यानं त्यानं आपापल्या अनुभवावरून ठरवलेलं होतं.

आत्ता ती ट्रकच्या मागच्या फळीपाशी उभी होती, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून. जुन्या धक्क्याचे कठडे तोडून आणलेलं लोखंड होतं ते. गंजक्या नळ्यांच्या गर्दीत, एखादं मूल पांघरुणातून पाय बाहेर काढून झोपावं तसा, एक तोफगोळा बूड बाहेर काढून पडला होता. जहाजावरच्या तोफेचा. गुडघ्याएवढा लांब, तळहाताएवढ्या बुडाचा.

असे गोळे तिला नवे नव्हते. तिच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत अठरा होते. पण त्या अठरांच्या पोटात बोटभर जाडीचं छिद्र होतं. गोळा तपासून रिकामा केला, त्याच्यात आता काही नाही, याची ती सरकारी खूण. या गोळ्याच्या जेवढ्या अंगावर उजेड पडत होता तेवढ्या अंगावर छिद्र नव्हतं. आणि बुडावर, गंजाच्या पापुद्र्यातून, अक्षर दिसत होतं.

म. त्याखाली उकार. उकाराचं शेपूट ज्या बाजूला वळायला हवं त्याच्या बरोबर उलट वळलेलं. आणि खाली आकडा, एकतीस.

काटेवालीनं एक पाऊल मागं घेतलं, दुसरं घेतलं, फाटकाकडं तोंड करून ओरडली, "सगळे बाहेर! गॅस कटर बंद करा. हातातलं काम टाका आणि रस्त्यापलीकडं जा!"

बॉम्बवाल्यांना फोनही तिनंच लावला. पत्ता सांगितला, मोजमाप सांगितलं, कुणी हात लावलेला नाही हे सांगितलं. तिचा आवाज कापत नव्हता. फोन ठेवल्यावर मात्र रिसीव्हरवर तळहाताच्या घामाचा ठसा राहिला.

*

यार्डचे शेठ रस्त्यापलीकडच्या भिंतीच्या सावलीत स्टुलावर बसले होते आणि टक्कल पुसत होते.

"बाई, माझ्या यार्डात चाळीस माणसं काम करतात. एकाला तरी असला गोळा सापडतो का कधी? तुम्हालाच कसा बरोबर सापडतो?"

"ते लोखंड बघतात, शेठ. मी बुडं बघते."

"आणि हा तुमच्या आईचाच कशावरून?"

"तिचा उकार आहे."

शेठनी हात जोडले. ही कथा त्यांनी एकोणतीस वर्षांत निदान पन्नासदा ऐकली होती. यार्डातल्या नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ती ऐकायला मिळे, कधी काटेवालीकडून, कधी शेठकडून, शेठची तिखटमीठ लावलेली.

ती कथा अशी होती. धक्क्यापासून कोसभर अंतरावर पूर्वी आरमाराचं दारूगोळ्याचं कोठार होतं. त्यात दोन लांबलचक शेड. एका शेडमध्ये खरे गोळे भरत. दुसरीत सरावाचे. तोफ चालवायला शिकणाऱ्या खलाशांसाठी जे गोळे लागत, त्यांत दारूऐवजी वाळू असे. पण वजन खऱ्या गोळ्याइतकंच हवं, मासाभरही कमीजास्त नको, नाहीतर नेम शिकणार कसा? खऱ्या गोळ्यांना कोठारातले लोक बोलके म्हणत. वाळूच्या गोळ्यांना मुके.

काटेवालीची आई मुक्यांच्या शेडमध्ये होती. वाळू चाळायची, भट्टीवर कोरडी करायची, गोळ्यात ठासायची, तराजूवर घालायची, टोक बंद करायचं आणि बुडावर ठसा मारायचा. दिवसाला साठ. शेडमधल्या बायकांची त्यावरून जी थट्टा चाले तिला सुमार नव्हता. भोंगा झाला, बायका फाटकातून बाहेर पडल्या, की बोलक्यांच्या शेडमधले पुरुष विचारत, "काय वहिनी, आज किती मुके दिले?" आणि आई पदर खोचत म्हणायची, "साठ दिले. तुम्हाला हवाय का? पंचवीस किलोचा आहे, झेपेल का बघा!"

ठशाचं अक्षर ठोकायला दोन पोलादी पंच असत. एक म चा, एक उकाराचा; त्याखाली खेपेचा आकडा. आई डावखुरी. पंच उजव्या हातात धरायचा आणि हातोडी डाव्या हातात, म्हणजे सगळंच इतरांच्या उलट. म बरोबर उमटे, पण उकाराचा खिळा तिच्या बोटांत फिरून बसे. मु चा मू होई. आईला वाचता येत नव्हतं. तिच्या लेखी ते शेपूट होतं, इकडं वळलं काय नि तिकडं वळलं काय. मुकादमानं एकदा तिला टोकलं, "अगं, ऱ्हस्व पाहिजे, तू दीर्घ मारतेस!" आई म्हणाली, "दीर्घ म्हणजे लांबडं ना? मग लांबडंच बरं, लांब जाऊन पडेल."

तेव्हापासून शेडमध्ये तिचं नावच दीर्घ पडलं.

संध्याकाळी दीर्घ घरी येई. अंगाला भट्टीतल्या वाळूचा वास, पापण्यांवर बारीक धूळ. दारात मुलगी उभी. आई चपला काढायच्या आधी खाली वाके आणि तिच्या कपाळावर ओठ टेकून म्हणे, "एकसष्टावा." साठ त्या मुक्यांना, एकसष्टावा हिला. हा हिशेब एक दिवसही चुकला नाही.

मुलगी नऊ वर्षांची असताना चुकला. सरावाला गेलेल्या एका जहाजावर मुका गोळा बोलला. तोफेतच फुटला. चार खलाशी गेले.

*

बॉम्बवाल्यांची गाडी आली. साहेब नवे होते, चाळिशीच्या आतबाहेरचे, शांत. आधीच्या साहेबांनी काटेवालीचे सगळे गोळे तपासून, छिद्रं पाडून, दाखले लिहून दिले होते. ते निवृत्त झाले होते. नव्या साहेबांनी दुर्बिणीतून ट्रक पाहिला, पायी जाऊन जवळून पाहिला, परत आले.

"तुम्हीच फोन केलात? चांगलं केलंत. हात लावला नाहीत हे त्याहून चांगलं." त्यांनी टोपी काढली. "आता हलवत बसायचं नाही. वाळूची पोती रचू, छोटा सुरुंग लावू, जागच्या जागी फोडू. तासाभराचं काम आहे."

"फोडू नका," काटेवाली म्हणाली.

"काय?"

"छिद्र पाडा, साहेब. तुमच्याकडं लांबून चालणारं यंत्र आहे. आधीच्या साहेबांनी तीन गोळ्यांना त्यानंच छिद्र पाडलं होतं. मी बघितलंय."

"यंत्र आणायला दुपार होईल. चालवायला संध्याकाळ. आणि कशासाठी? फोडला की प्रश्न मिटला."

"प्रश्नच तर मिटत नाही ना!" तिचा आवाज चढला, मग तिनं तो खाली आणला. "वाळूचा असला तरी तुमचा सुरुंग वाजणार. दारूचा असला तरी सुरुंग वाजणार. धूर दोन्हीकडं सारखाच. मग आत काय होतं हे कुणाला कळणार?"

साहेबांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "कळून तुम्हाला काय करायचंय?"

तिनं काखेतली फाइल पुढं केली. ती फाइल ती रोज कामावर आणत असे, दुसऱ्या बायका डबा आणतात तशी. आत अठरा कार्डं. प्रत्येक गोळ्याचं एक. कुठं सापडला, कुणाकडं होता, कुठल्या खेपेचा, छिद्र पाडल्यावर आतून काय निघालं. एक न्हाव्याच्या दुकानात दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून ठेवलेला होता, गिऱ्हाइकांच्या लाथा खाऊन गुळगुळीत झालेला. एक शिंप्याकडं कापडाच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून. एक म्हाताऱ्या बाईच्या अंगणात उलटा पुरून त्यावर तुळतुळीत दगड ठेवलेला, बसायला. दोन मासेमारांच्या जाळ्यात आलेले. एक तर लग्नाच्या हॉलबाहेर, छत्र्या टेकवायला. अठराच्या अठरा कार्डांवर शेवटच्या ओळीत एकच शब्द: वाळू.

"हे सगळे दीर्घ उकाराचे?" साहेबांनी विचारलं.

"सगळे. पण यातला एकही एकतिसाव्या खेपेचा नाही. जहाजावर फुटला तो एकतिसाव्या खेपेतला होता." तिनं रस्त्यापलीकडं बोट केलं. "हाही एकतिसाव्या खेपेतला आहे."

साहेबांनी फाइल पहिल्यापासून पुन्हा चाळली. फाइलमध्ये सगळ्यांत वर एक कार्ड होतं, त्यावर गोळ्याची माहिती नव्हती. चार नावं होती फक्त, एकाखाली एक. त्यांनी ते वाचलं आणि हलक्या हातानं खाली ठेवलं.

"चौकशीत काय निघालं होतं?"

"अहवाल आहे. नक्कल मागं लावलीय. फुटलेल्या गोळ्याचं बूड सापडलं, त्यावर मु असा ठसा होता, असं लिहिलंय. ऱ्हस्व. आई ओरडून सांगत होती, माझा ठसा उलटा पडतो, हा माझा नाही. कुणी ऐकलं नाही. तिच्या बाकावरून खेप निघाली होती, तिला काढून टाकलं. बुडाचा तुकडाही पुन्हा कुणाला दिसला नाही."

"मग अहवालच तिच्या बाजूनं आहे की!"

काटेवाली हसली. त्या हसण्यात ओल नव्हती. "मलाही तसंच वाटलं होतं. मग मी अहवाल टाइप करणाऱ्या बाबांना शोधून काढलं. फार म्हातारे झाले होते. म्हणाले, बाळ, साहेबांनी हातानं काय लिहिलं होतं ते आता आठवत नाही. पण दीर्घ लिहिलं असलं तरी मी ऱ्हस्वच केलं असतं. मुका या शब्दात उकार ऱ्हस्व. जन्मात मी चुकीचं शुद्धलेखन पुढं जाऊ दिलं नाही."

साहेबांनी फाइल मिटली. बराच वेळ त्यांचं बोट फाइलच्या दोऱ्याशी खेळत होतं.

"नियमानं पाहिलं तर फोडणंच सोपं," ते म्हणाले.

"साहेब," इतका वेळ टक्कल पुसत ऐकणारे शेठ एकदम उठले, "ट्रक कशावर उभा आहे ते बघितलंत का?"

"काट्यावर."

"सुरुंग उडाला तर माझा काटा राहील?"

"राहणार नाही."

"मग छिद्रच पाडा!" शेठ म्हणाले. "अहो, बाईंची आई म्हणजे आम्हालाही आईच. तिच्या नावाचा प्रश्न आहे. संध्याकाळ होऊ दे नाहीतर उद्याची सकाळ, छिद्रच पाडा!"

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी यंत्र आणायला गाडी पाठवली.

*

भाऊ आला तेव्हा दुपार भरात होती. तो रंगारी होता. कुठल्यातरी जिन्यावरून तसाच निघाला होता, कोपरापर्यंत पांढरा रंग, केसांत पांढरा रंग, जणू सकाळपासून दुपारपर्यंत म्हातारा झाला होता.

"ताई, शेठचा फोन आला. तू हे काय चालवलंयस?"

"छिद्र पाडतायत."

"ते कळलं. का?"

"म्हणजे काय, का?"

त्यानं तिला भिंतीच्या कोपऱ्याशी ओढलं. आवाज खाली आणला. "अठरा झाले ना? अठराही वाळूचे निघाले ना? पुष्कळ झालं. लोकांनाही आता कुणाला आठवत नाही. आई चौऱ्याऐंशीची आहे, डोळ्यांनी दिसत नाही, भिंतीला हात लावून घरात फिरते. शांत आहे. आणि समज हा निघाला जिवंत, तर? समज आत दारू निघाली?"

काटेवालीनं ट्रककडं पाहिलं. सकाळपासून तिनं ते समजून घेतलं नव्हतं असं नाही. अक्षर वाचलं त्या क्षणीच हा प्रश्न तिच्या मानेवर येऊन बसला होता. तो खाली उतरवायचा कसा, तेवढंच कळत नव्हतं.

"फोडू दे त्यांना," भाऊ म्हणाला. "आईला काही सांगूच नकोस. वाळू होती असं आपण धरून चालू."

"सत्तेचाळीस वर्षं धरूनच चाललोय रे."

"मग अजून थोडी."

काटेवालीनं पर्समधून मोबाइल काढला.

"कुणाला लावतेस? ताई! आईला नको..."

तिनं त्याच्याकडं पाठ केली. घंटा बराच वेळ वाजली. आई भिंतीला हात लावत फोनपर्यंत येणार, त्याला तेवढा वेळ लागतोच. मग तो कोरडा, जपून पाऊल टाकणारा आवाज आला, "कोण?"

"मी. आई, एक सांगायचंय. बसलीस का?"

"उभीच आहे. बोल."

"एकतीसच्या खेपेतला एक सापडला. तुझा ठसा आहे. बंद आहे अजून. साहेब छिद्र पाडायला तयार झालेत. धाकटा म्हणतो, पाडू नका, फोडून टाका."

घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी फोनमधून येत राहिली. काटेवालीला वाटलं, धाकटा म्हणत होता ते खरं, आपण चुकलो. तेवढ्यात आई बोलली.

"धाकट्याला फोन दे."

भावानं फोन कानाला लावला. त्याच्या रंगलेल्या बोटांचे ठसे मोबाइलवर उमटले. "हां आई... नाही गं, मी म्हटलं उगाच तुला... हो. हो. बरं." मग तो नुसता ऐकत राहिला. फोन परत देताना त्याचा चेहरा बदललेला होता.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, त्या दिवशी माझ्या हातून चुकलंच नसेल असं मी कशावरून म्हणू? रोज साठ भरायचे. एकसारखं दिसायचं सगळं. म्हणाली, सत्तेचाळीस वर्षं मी ते साठच्या साठ गोळे रोज डोक्यात पुन्हा भरते. कुठलाही निघू दे, पण मला एकदा बघून सांगा." त्यानं नाक पुसलं, नाकालाही रंग लागला. "ताई, मला वाटायचं ती विसरली."

काटेवालीनं फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन सावकाश, शेवटपर्यंत लावली.

आई काहीच विसरली नव्हती, हे मुलीला पहिल्यापासून ठाऊक होतं. नोकरी गेल्यावर आई घरं बांधणाऱ्यांकडं कामाला लागली आणि तिथंही वाळूच चाळू लागली. पुढची वीस वर्षं. इमारतींच्या पायथ्याशी मोठ्या चाळण्या उभ्या असत आणि आई फावड्यानं वाळू भिरकावत असे, डाव्या हातानं. समुद्राकडं जाणाऱ्या रस्त्यानं ती पुन्हा कधी गेली नाही. आणि शेडमध्ये चाळताना बायका जी ओवी म्हणत, ती तिच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकली नाही. मुलीला ती पाठ होती, कारण पाळण्याऐवजी ती त्याच ओवीवर झोपली होती:

वाळू चाळिते चाळिते, खडा ठेवीना गं आत
मुका राहा माझ्या बाळा, नको बोलूस दर्यात

आणि एकसष्टावाही थांबला होता. त्या दिवसापासून. नऊ वर्षांची मुलगी दारात उभी राहिली, आई आली, चपला काढल्या आणि तिच्या बाजूनं आत निघून गेली. मुका हा शब्दच त्या घरातून उठून गेला. ज्या तोंडानं तो गोळ्यांना म्हटला, त्याच तोंडानं तो लेकराला कसा म्हणावा, असं काहीतरी आईच्या मनानं घेतलं असावं. मुलीनं कधी विचारलं नाही. तिनं बुडं बघायला सुरुवात केली.

*

यंत्र आलं. लोखंडी पायांचं, वर गिरमिट बसवलेलं, मागं लांब केबल. दोन जणांनी ते ट्रकमध्ये गोळ्याच्या बाजूला बसवलं. गोळ्याला धक्का लागू नये म्हणून एकेक नळी हातानं उचलून बाजूला केली, जशी एखाद्या झोपलेल्या माणसाची उशी काढावी. मग सगळे मागं आले. भिंतीपुढं पोत्यांची दुसरी भिंत रचली. साहेब एका छोट्या पडद्यासमोर बसले.

"छिद्र कुठं पाडताय?" काटेवालीनं विचारलं.

"पोटात. बुडाला हात लागणार नाही, काळजी करू नका."

गिरमिट फिरू लागलं. खूप सावकाश. लोखंडाचं कण्हणं रस्त्यापलीकडं ऐकू येत होतं. साहेब मध्येच थांबवत, तेल सोडत, पुन्हा चालू करत. यार्डातले चाळीस जण भिंतीच्या कडेनं बसले होते. कुणी पत्ते काढले नाहीत, कुणी थट्टा केली नाही. भाऊ तळहातावरचा वाळलेला रंग नखानं खरवडत होता.

काटेवाली उभी होती. बस म्हटलं तरी ती बसली नाही. तिनं मनाशी एकच ठरवलं होतं: पडद्यावर जे दिसेल ते घरी जसंच्या तसं सांगायचं. दारू निघाली तर दारू. त्यात एक शब्द कमी नाही की जास्त नाही. आई शब्दाला शब्द मागेल, तिला तेवढा हक्क होता. आणि तसं झालं तर उद्यापासून त्या चार नावांचं कार्ड फाइलमध्ये ठेवायचं नाही, भिंतीवर लावायचं. रोज दिसेल असं.

ऊन उतरलं. भिंतीच्या सावल्या रस्त्यावर लांबल्या.

गिरमिटाचा आवाज बदलला. कण्हणं थांबून एक हलकी खसखस आली, पातेलं घासताना येते तशी. साहेबांनी यंत्र लगेच थांबवलं. पडद्याजवळ तोंड नेलं. छिद्राच्या कडेनं काहीतरी वाहत होतं, बारीक धारेनं, फळीवर छोटा ढीग करत.

"काय आहे?" भाऊ म्हणाला.

साहेबांनी हात वर करून त्याला गप्प केलं. दहा मिनिटं तसेच बसले. मग टोप घालून, काच खाली ओढून, स्वतः चालत गेले. ट्रकपाशी वाकले. कसली तरी नळी छिद्राला लावून पाहिली. बराच वेळ. परत येताना त्यांच्या हातात कागदाची पुडी होती, आणि टोप काखेत.

"वाळू," ते म्हणाले. "तळापर्यंत वाळू."

चाळीस माणसांतून एक आवाज उठला, त्याला आरडाओरडा म्हणता येणार नाही, सगळ्यांनी एकदम श्वास सोडला असेल इतकंच. शेठ मोठ्यानं म्हणाले, "मी सांगत नव्हतो?" त्यांनी काहीच सांगितलेलं नव्हतं. भाऊ भिंतीला पाठ लावून खाली बसला.

काटेवालीनं पुडी घेतली. उघडली नाही.

"बाई," साहेब हळू बोलले, "एका गोळ्यानं सगळी खेप सिद्ध होत नाही. हे तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे. पण एकोणीस झाले. आणि एकतीसमधलाही झाला." ती थांबली. "दाखला द्याल ना?"

"देतो की."

साहेबांनी काचेच्या खोलीत, तिच्याच टेबलावर, तिच्याच पेनानं दाखला लिहायला घेतला. ती मागं उभी राहून अक्षरांवर नजर ठेवून होती. लांबी, जाडी, खेप एकतीस. बुडावरील ठसा: मु.

"साहेब. दीर्घ."

"अं? पण शुद्ध तर..."

"शुद्ध नको. आहे तसं लिहा."

साहेबांनी पेन उचललं. तिच्याकडं पाहिलं, मग लिहिलेला कागद फाडून दुसरा घेतला. पहिल्यापासून लिहिलं. त्या अक्षराशी आल्यावर त्यांनी उकाराचं शेपूट सावकाश, मुद्दाम, उलट्या बाजूला वळवलं. पुढं कंसात लिहिलं, मूळ ठशाप्रमाणे. खाली सही केली.

सत्तेचाळीस वर्षांत सरकारी कागदावर आईचा उकार पहिल्यांदाच जसा होता तसा उतरला होता. काटेवालीनं शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली.

*

आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. फोन आल्यापासून तिथंच असावी. पाऊल वाजलं तशी तिनं मान वळवली, डोळे मात्र लेकीच्या थोडे डावीकडं लागले.

"धाकटा कुठंय?"

"शेठबरोबर गोळा घेऊन येतोय. टेम्पोनं."

आईनं हात पुढं केला, डावा. काटेवालीनं पुडी सोडली आणि वाळू त्या हातावर ओतली.

आईनं ती अंगठ्यानं चोळली. सावकाश. एकदा या बोटावर, मग त्या बोटावर. चिमूट कानाशी नेऊन चुरगळली आणि आवाज ऐकला. हुंगली. चिमटीतून थोडी खाली सोडली, थोडी राहू दिली. काटेवालीला वाटलं, आता विचारेल. पण आई तिला विचारत नव्हतीच. ती वाळूला विचारत होती.

"दोनदा चाळलेली आहे," ती अखेर म्हणाली. "बाकीच्या एकदाच चाळायच्या. खडा नाही एकपण." मग जरा वेळानं, "माझीच."

"हो."

"पुरती भरलेली?"

"तळापर्यंत."

आईनं मूठ मिटली. वाळू पदराच्या टोकात ओतली, गाठ मारली, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग गुडघ्यावर हात टेकून खुर्चीतच थोडी पुढं सरकली. गल्लीत कुठंतरी टेम्पो वळल्याचा आवाज आला.

"साठ झाले का गं?" तिनं विचारलं.

काटेवालीला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती छप्पन्न वर्षांची होती, तिच्या चपला अजून पायात होत्या.

"झाले," ती म्हणाली.

"मग इकडं ये. खाली वाक. मला आता दिसत नाही."